पोकर स्पर्धेतील अंतिम टप्पा

पोकर या पत्त्यांच्या खेळाची स्पर्धा बाद-पद्धतीने खेळली जाते. बहुसंख्य खेळाडू बाद होऊन थोडेच उरले, म्हणजे बक्षिसांचे क्रमांक ठरेपर्यंत जो खेळ होतो, त्यास स्पर्धेचा अंतिम टप्पा म्हणतात. एका मेजाभोवती बसणाऱ्या नऊ-दहा खेळाडूंच्या लहान स्पर्धेत हा टप्पा सामान्यतः पाच किंवा चार खेळाडू उरताच सुरू होतो. या अवस्थेत पत्त्यांचे नियम बदलत नाहीत. तथापि खेळाडूपुढील चकत्यांचे मोल बदलते, आणि म्हणून पूर्वीच्या टप्प्यात योग्य ठरणारी चाल येथे घातक ठरू शकते. या बदलाचे गणिती स्वरूप उमगण्यास सु. पाच शतके लागली. अपुऱ्या राहिलेल्या डावाची रक्कम खेळाडूंत कशी वाटावी, या जुन्या प्रश्नापासून संभाव्यताशास्त्राचा आरंभ झाला, आणि त्याच प्रश्नाचे आधुनिक रूप म्हणजे अंतिम टप्प्यातील डावपेच होत.

खेळाचे स्वरूप : पोकर हा बावन्न पानांच्या जोडाने खेळला जाणारा पैजेचा खेळ असून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहर व मिसिसिपी नदीवरील आगबोटी या परिसरात तो रूढ झाला. त्याचे नाव ‘पोक’ या फ्रेंच खेळावरून आले असावे, असे सामान्यतः मानले जाते. स्पर्धांत मुख्यत्वे त्याचा ‘टेक्सस होल्डेम’ हा प्रकार खेळतात. यात प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून मिळतात व मेजावर क्रमाने पाच सामाईक पाने उघडली जातात. या सात पानांतून पाच पानांचा उत्तम हात जुळवावयाचा असतो. पाने उघडण्याच्या प्रत्येक टप्प्यावर खेळाडूने पैज लावावी, समोरच्याची पैज स्वीकारावी, ती वाढवावी किंवा डाव सोडावा. इतर सर्वांनी डाव सोडल्यास उरलेला खेळाडू पाने न दाखविता रक्कम घेतो. दुबळ्या पानांवरही डाव जिंकता येतो, तो यामुळेच. महाराष्ट्रात परिचित असलेल्या तीनपत्तीशी या खेळाचे साम्य एवढ्यापुरतेच आहे. तीनपत्तीत सामाईक पाने नसतात आणि प्रतिपक्षाच्या हाताविषयी अनुमान करण्यास त्यात फारच थोडा वाव असतो.

स्पर्धेत प्रत्येक खेळाडू ठरावीक प्रवेशमूल्य भरतो व सर्वांना सारख्या चकत्या मिळतात. या चकत्यांचे रोख रकमेत रूपांतर करता येत नाही; त्या संपल्या, की खेळाडू बाद होतो. प्रत्येक डावापूर्वी दोन खेळाडूंना आळीपाळीने सक्तीची पैज लावावी लागते. खेळाडूंच्या बोलीत तिला ‘ब्लाइंड’ असे नाव असून पाने पाहण्यापूर्वीच ती लावावयाची असते. ठरावीक वेळाने ही पैज वाढत जाते; त्यामुळे निव्वळ वाट पाहत बसणाऱ्याच्या चकत्या आपोआप झिजतात व स्पर्धेस शेवट येतो. लहान स्पर्धेत बक्षिसे बहुधा पहिल्या तिघांना ५०, ३० व २० टक्के या प्रमाणात देतात.

पूर्वपीठिका : भारतीय परंपरेत द्यूताचा इतिहास फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात द्यूतकाराची हताशा वर्णिली आहे. महाभारताच्या सभापर्वातील द्यूतात युधिष्ठिर धन, राज्य, बंधू, स्वतः व अखेरीस द्रौपदी अशा क्रमाने पण लावत जातो. हाती उरलेले जसजसे कमी होते, तसतसा त्याचा पण मोठा होत जातो. अंतिम टप्प्यात विचार कसा ढळतो, याचे हे अभिजात उदाहरण होय. याउलट वनपर्वातील नलोपाख्यानात नल हा ऋतुपर्ण राजाकडून ‘अक्षहृदय’ नावाची विद्या शिकतो आणि मग पुष्कराशी पुन्हा खेळून राज्य परत मिळवितो. ऋतुपर्णाची ही विद्या संख्यागणनेशी जोडलेली असल्याचे त्या आख्यानात सांगितले आहे. द्यूतात दैवाबरोबर गणनेलाही स्थान आहे, ही जाणीव त्यातून दिसते. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष या अधिकाऱ्याची तरतूद असून द्यूत एकाच नियत ठिकाणी खेळवावे व जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच कर घ्यावा, असे विधान आहे. स्पर्धा भरविणारा आज जे शुल्क कापून घेतो, त्याचा हा पूर्वावतार म्हणता येईल.

पत्त्यांचा खेळ भारतात मोगल काळात ‘गंजिफा’ या नावाने प्रसृत झाला. महाराष्ट्रात सावंतवाडी येथील गंजिफा प्रसिद्ध असून दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० वर्तुळाकार पाने असतात. गंजिफात उतरून गेलेली पाने ध्यानात ठेवणारा खेळाडू अखेरच्या उताऱ्यांत वरचढ ठरतो. स्मरण व अनुमान हे पत्त्यांच्या खेळातील कौशल्याचे दोन आधारस्तंभ या मातीत असे जुनेच आहेत.

अपुऱ्या डावाच्या वाटणीचा प्रश्न : इटालियन गणिती लूका पाचोली याने १४९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पुढील आशयाचा प्रश्न मांडला : दोन पक्षांनी ठरावीक संख्येचे डाव आधी जिंकणाऱ्यास सर्व रक्कम द्यावयाची असे ठरविले, पण खेळ मध्येच थांबला, तर रक्कम कशी वाटावी? पाचोलीच्या मते जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी करावी. तार्ताल्या याने १५५६ मध्ये यातील दोष दाखविला. एकच डाव झाला असता खेळ थांबला, तर या रीतीने तो डाव जिंकणाऱ्यास सगळीच रक्कम मिळेल आणि हे उघडच अन्याय्य होय.

या कोड्याची उकल ब्लेझ पास्काल (१६२३–६२) व प्येअर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारात झाली. पास्कालने घेतलेल्या उदाहरणात दोन्ही खेळाडूंनी प्रत्येकी ३२ नाणी लावली असून तीन डाव आधी जिंकणारा विजयी ठरावयाचा आहे; एकाचे दोन व दुसऱ्याचा एक डाव झाला असता खेळ थांबतो. पुढचा डाव पहिल्याने जिंकल्यास त्यास ६४ नाणी मिळतील. हरल्यास दोघे बरोबरीत येऊन त्यास ३२ मिळतील. म्हणजे ३२ नाणी त्याची निश्चितच आहेत. उरलेल्या ३२ नाण्यांवर दोघांचा सारखा हक्क आहे. म्हणून वाटणी ४८ व १६ अशी व्हावी. किती डाव झाले, यापेक्षा पुढे काय घडू शकेल, यावर हक्क ठरतो, हा या उकलीतील मूलगामी विचार होता. डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हॉयगेन्स (१६२९–९५) याने १६५७ मध्ये हा विचार ग्रंथरूपाने मांडला आणि त्यातूनच अपेक्षित मूल्याची संकल्पना रूढ झाली.

पोकरचे गणित : विसाव्या शतकात जॉन फॉन नॉयमान (१९०३–५७) याने १९२८ मध्ये दोन पक्षांच्या खेळाविषयीचा मूलभूत सिद्धांत सिद्ध केला. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न याच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्याने पोकरच्या सोप्या नमुन्याचे विवेचन केले. दुबळ्या पानांवर लावलेली मोठी पैज, म्हणजे हूल, हा केवळ स्वभावाचा प्रश्न नाही. चांगल्या पानांवरील पैजेस प्रतिपक्षाने दाद द्यावी म्हणून हूल काही प्रमाणात अनिवार्यच आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. हॅरल्ड कून याने १९५० मध्ये तीन पानांच्या पोकरची पूर्ण उकल केली. त्याच वर्षी जॉन नॅश (१९२८–२०१५) व लॉइड शॅप्ली यांनी तीन खेळाडूंच्या सोप्या पोकरचे विश्लेषण प्रसिद्ध केले. मात्र या सर्व अभ्यासांत चकती म्हणजे पैसा, असेच गृहीत धरले होते. स्पर्धेत हे समीकरण मोडते, ही गोष्ट पुढे स्पर्धा लोकप्रिय झाल्यावरच ध्यानात आली.

स्पर्धापद्धतीचा उदय : अमेरिकेतील लास व्हेगस येथे बिनियन यांच्या हॉर्सशू कॅसिनोत १९७० मध्ये ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ भरली. त्या वर्षीचा विजेता जॉनी मॉस हा खेळाडूंच्या मतदानाने ठरला. १९७१ पासून बाद-पद्धत आली. प्रवेशमूल्य प्रथम ५,००० डॉलर होते, ते १९७२ पासून १०,००० डॉलर झाले. आरंभीची काही वर्षे सर्व रक्कम एकट्या विजेत्यास मिळे. १९७८ मध्ये प्रथमच मुख्य स्पर्धेची रक्कम पहिल्या पाच क्रमांकांत वाटण्यात आली.

हा बदल वरवर पाहता व्यवस्थेपुरता होता. परंतु डावपेचांच्या इतिहासात तो निर्णायक ठरला. सर्व रक्कम विजेत्याचीच असेल, तर जिंकण्याची शक्यता चकत्यांच्या प्रमाणात वाढते आणि दुप्पट चकत्यांचे मोलही दुप्पट होते. रक्कम वाटली जाऊ लागली, की हे प्रमाण राहत नाही. सर्व चकत्या मिळविणाऱ्यासही पहिलेच बक्षीस मिळते, सगळी रक्कम नव्हे. उलट, शेवटची एकच चकती बाळगून राहणाऱ्यासही पुढच्या क्रमांकाची आशा उरते. म्हणून मिळविलेल्या चकतीपेक्षा गमावलेली चकती अधिक मोलाची ठरते.

मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवून देणाऱ्या लहान उपस्पर्धाही पुढे प्रचारात आल्या. टॉम मॅकेव्हॉय हा १९८३ मध्ये अशा उपस्पर्धेतून येऊन मुख्य स्पर्धा जिंकणारा पहिला खेळाडू ठरला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने संगणकावरील उपस्पर्धेतून प्रवेश मिळवून ८३९ खेळाडूंतून पहिला क्रमांक व २५ लाख डॉलर मिळविले. त्यानंतर महाजालावरील एका मेजाच्या लहान स्पर्धांचा जगभर प्रसार झाला. जागा भरताच सुरू होणाऱ्या या स्पर्धा तास-दीड तासात संपत; त्यामुळे एकाच खेळाडूस अंतिम टप्प्याचा अनुभव शेकडो वेळा मिळू लागला आणि त्या टप्प्याचा पद्धतशीर अभ्यास शक्य झाला.

चकत्यांचे मोल : या अभ्यासाचे सूत्र अनपेक्षितपणे घोड्यांच्या शर्यतीतून आले. डेव्हिड हारव्हिल या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये अनेक स्पर्धकांच्या शर्यतीत पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक येण्याच्या संभाव्यता काढण्याची रीत मांडली. मेसन मॅलमथ याने १९८७ मध्ये तत्सम रीत पोकर स्पर्धेस लावली. हिचे तत्त्व सोपे आहे : पहिल्या क्रमांकाची शक्यता खेळाडूजवळील चकत्यांच्या एकूण चकत्यांशी असलेल्या प्रमाणाइतकी मानावी, कोणी एक पहिला आला असे धरून त्याच्या चकत्या वगळाव्यात व उरलेल्यांत त्याच प्रमाणाने दुसरा क्रमांक काढावा, पुढेही तसेच. मग प्रत्येक शक्यतेस संबंधित बक्षिसाने गुणून बेरीज केली, की खेळाडूच्या चकत्यांचे रकमेतील मोल मिळते.

उदा., एकूण १०,००० चकत्या व १०० रुपयांचा बक्षीसनिधी असलेल्या स्पर्धेत चार खेळाडू प्रत्येकी २,५०० चकत्यांवर उरले आहेत आणि बक्षिसे ५०, ३० व २० रुपये अशी आहेत, असे समजू. प्रत्येकाचे मोल २५ रुपये आहे. त्यांपैकी दोघांनी आपले सर्वस्व पणाला लावले, तर जिंकणाऱ्याजवळ ५,००० चकत्या होतील. वरील रीतीने त्याची पहिल्या क्रमांकाची शक्यता १/२, दुसऱ्याची १/३ व तिसऱ्याची १/६ येते. म्हणून त्याचे मोल सु. ३८ रुपये ३३ पैसे होते, ५० रुपये नव्हे. म्हणजे २५ रुपये पणाला लावून केवळ १३ रुपये ३३ पैसे मिळतात. सक्तीच्या पैजांचा हिशेब बाजूस ठेवल्यास, अशी झुंज स्वीकारण्यासाठी जिंकण्याची शक्यता निदान ६५ टक्के असावयास हवी. सर्व रक्कम विजेत्याची असती, तर ५० टक्के पुरली असती. उरलेली रक्कम कोठे गेली? ती स्वस्थ बसलेल्या दोघा खेळाडूंकडे गेली. त्यांचे मोल एकही पान न खेळता २५ रुपयांवरून प्रत्येकी ३० रुपये ८३ पैशांवर चढले. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ ही म्हण या टप्प्यास अक्षरशः लागू पडते.

हीच रीत वाटणीच्या वाटाघाटीतही उपयोगी पडते. लहान स्पर्धेत तिघे उरले, की उरलेली बक्षिसे आपसांत वाटून खेळ संपविण्याची प्रथा आहे. चकत्या ७,०००, २,००० व १,००० अशा असताना केवळ चकत्यांच्या प्रमाणात १०० रुपये वाटले, तर पहिल्यास ७० रुपये मिळतील, म्हणजे पहिल्या बक्षिसापेक्षाही २० रुपये अधिक! ही पाचोलीचीच चूक होय. तिसरे बक्षीस तिघांनाही निश्चित आहे हे ध्यानी घेऊन उरलेले ४० रुपये चकत्यांच्या प्रमाणात वाटले, तर ४८, २८ व २४ असे आकडे येतात. मॅलमथच्या रीतीने मात्र ते सु. ४३.५३, ३०.८९ व २५.५८ असे येतात. चकत्या कमी असलेल्या खेळाडूने प्रमाणाच्या वाटणीस मान्यता देणे म्हणजे आपल्या हक्काची रक्कम आघाडीवरच्यास सोडणे, हे यावरून कळते.

डावपेच : उपर्युक्त हिशेबातून अंतिम टप्प्याचे काही सर्वमान्य नियम निघाले आहेत.

(१) पैज लावणे व पैज स्वीकारणे यांत मोठे अंतर ठेवावे. डेव्हिड स्क्लान्स्की याने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्पर्धाविषयक ग्रंथात या तत्त्वावर भर दिला. सर्वस्व लावणारा खेळाडू दोन प्रकारे जिंकू शकतो : प्रतिपक्षाने डाव सोडल्याने किंवा पाने सरस ठरल्याने. स्वीकारणाऱ्यास दुसराच मार्ग उरतो. वरील चौघांच्या उदाहरणात एखादा खेळाडू कोणत्याही पानांवर सर्वस्व लावतो असे निश्चित ठाऊक असले, तरी त्यास तोंड देण्यास सत्त्यांची किंवा तिच्याहून मोठी जोडी, एक्का-राजा, अथवा एकाच रंगाचे एक्का-राणी किंवा एक्का-गुलाम यांसारखीच पाने हवीत. दोन पानांच्या १,३२६ संभाव्य जोड्यांपैकी अशा जोड्या सत्तर-पंचाहत्तरच, म्हणजे विसांत जेमतेम एक भरतात.

(२) चकत्यांचा साठा सक्तीच्या पैजांशी ताडून पाहावा. पॉल मॅग्रील (१९४६–२०१८) या बॅकगॅमनपटूच्या नावे प्रसिद्ध असलेल्या गुणोत्तरात चकत्यांस एका फेरीतील सक्तीच्या पैजांच्या बेरजेने भागतात. डॅन हॅरिंग्टन याने आपल्या ग्रंथाच्या अंतिम टप्प्यावरील दुसऱ्या खंडात (२००५) या गुणोत्तरानुसार खेळाची क्षेत्रे पाडली. गुणोत्तर २० हून अधिक असता खेळाडूस सर्व चाली मोकळ्या असतात. ५ किंवा त्याखाली आले, की सर्वस्व लावणे किंवा डाव सोडणे या दोनच चाली उरतात. सक्तीच्या पैजा १०० व २०० असताना १,५०० चकत्या बाळगणारा खेळाडू नेमका या रेषेवर असतो. अशा वेळी थोडी पैज लावून मग माघार घेणे हे नवशिक्याचे सर्वांत खर्चिक दूषण होय.

(३) बक्षिसाच्या उंबरठ्यावर, म्हणजे आणखी एकच खेळाडू बाद झाला की उरलेल्यांना बक्षीस निश्चित होईल अशा स्थितीत, सर्वाधिक चकत्यांच्या खेळाडूने आक्रमक व मध्यम साठ्याच्या खेळाडूने सावध राहावे. मोठ्या साठ्याचा खेळाडू एका डावाने बाद होत नाही. मध्यम साठ्याचा मात्र त्याच्याशी झुंजल्यास अधिक दुबळ्या खेळाडूच्या आधी बाद होऊ शकतो. मेजावर कोणाचा साठा अगदी संपत आला असेल, तर मध्यम साठ्याच्या दोघांनी परस्परांशी भिडणे म्हणजे त्या तिसऱ्यास बक्षीस बहाल करणे होय.

(४) बक्षिसांच्या रचनेप्रमाणे डावपेच बदलावेत. मुख्य स्पर्धेतील प्रवेशाच्या सारख्याच किंमतीच्या जागा बक्षीस असतील, तर जागा निश्चित करण्यापुरत्या चकत्या पुरेशा असतात. त्यापलीकडील चकत्यांना मोल नसते आणि प्रसंगी एक्क्यांची जोडीही सोडून देणे योग्य ठरते. याउलट दोघेच उरले, की दोघांनाही दुसरे बक्षीस निश्चित असते व केवळ दोन बक्षिसांतील फरक पणास लागतो. अशा वेळी चकतीचे मोल पुन्हा समप्रमाणात येते. तिघे असताना शहाणपणाची ठरलेली सावधगिरी येथे भित्रेपणा ठरते. हा पालट न ओळखल्याने अनेक चांगले खेळाडू सातत्याने तिसरे किंवा दुसरे येतात.

या रीतीला मर्यादाही आहेत. तीत सर्वांचे कौशल्य सारखे मानलेले असते. पुढच्याच डावात सक्तीची पैज कोणावर येणार, याची दखल ती घेत नाही. म्हणून तिचे आकडे अंदाजाचे मानावेत, निर्णय मात्र प्रतिपक्षाच्या सवयी पाहून करावा, असे जाणकार सांगतात.

संगणकाचे साहाय्य : डेन्मार्कमधील मिल्टरसेन व सोरेन्सेन या संशोधकांनी २००७ मध्ये दोन खेळाडू, मिळून ८,००० चकत्या आणि ३०० व ६०० च्या सक्तीच्या पैजा अशा स्थितीचे विश्लेषण केले. ‘सर्वस्व किंवा माघार’ एवढ्याच चाली वापरणारा खेळ पूर्ण स्वातंत्र्य असलेल्या सर्वोत्तम खेळापेक्षा जिंकण्याच्या संभाव्यतेत फार तर १.४ टक्क्यांनी उणा पडतो, असे त्यांना आढळले. अमेरिकेतील गान्झफ्रीड व सँडहोम यांनी २००८ मध्ये तीन खेळाडूंच्या स्पर्धेसाठी असाच समतोल काढला. २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ या संगणकीय प्रणालीने सहा जणांच्या मेजावर निष्णात व्यावसायिकांवर मात केली. अनुभवी खेळाडू अंगच्या जाणिवेने जे करीत, त्यातील बरेचसे या गणनेने बरोबर ठरविले. मात्र अंतिम टप्प्यात ते पुरेशा वेळा सर्वस्व लावीत नसत, हेही तीतून उघड झाले.

भारत व महाराष्ट्रातील स्थिती : पोकरमध्ये कौशल्य किती व दैव किती, हा प्रश्न भारतात गणिताबरोबरच कायद्याचाही आहे. मुंबई इलाख्यास १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू झाला; तोच महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम या नावाने महाराष्ट्रात पुढे चालू राहिला. त्याच्या तेराव्या कलमानुसार निव्वळ कौशल्याच्या खेळास हा कायदा लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यांत जुगारास व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाही, परंतु ज्या स्पर्धांत यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते त्या वेगळ्या, असे ठरविले. के. सत्यनारायण खटल्यात (१९६८) त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सांगून तीन पानी खेळास केवळ दैवाधीन म्हटले. पोकरविषयी मात्र एकवाक्यता झाली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात ब्रिज व रमी यांबरोबर पोकरही जुगाराच्या व्याख्येतून वगळले आहे. नागालँडने २०१६ मध्ये त्यास कौशल्याचा खेळ मानले. तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, मुंबईच्याच १८८७ च्या कायद्याचा अर्थ लावताना, पोकर हा जुगार असल्याचा निर्णय दिला. तमिळनाडूने २०२२ मध्ये पोकर व रमी यांना दैवाधीन खेळांच्या यादीत घातले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती तरतूद या दोन खेळांपुरती अमान्य केली.

ब्रिजशी तुलना येथे उद्बोधक ठरते. ब्रिजच्या स्पर्धेत तीच पाने सर्व मेजांवर फिरवून दैवाचा भाग जवळजवळ काढून टाकतात. म्हणूनच त्यास क्रीडेची मान्यता मिळाली आणि २०१८ च्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या भारतीय जोडीस सुवर्णपदक लाभले. पोकरमध्ये अशी सोय नाही. तेथे कौशल्याचा प्रत्यय एका स्पर्धेत येत नाही. शेकडो स्पर्धांच्या सरासरीतच तो येतो. विशेषतः लहान स्पर्धेच्या अखेरीस पैजा मोठ्या व चकत्या थोड्या असल्याने दोन-तीन डावांत निकाल लागतो. हिशेब अचूक करणाराही वारंवार हरतो, आणि हे या टप्प्याचे वैशिष्ट्य होय.

महाराष्ट्र व गोवा या शेजारी प्रदेशांची वाटचाल या बाबतीत परस्परविरुद्ध झाली. १९७६ मध्ये महाराष्ट्रात कॅसिनोंचे नियंत्रण व करआकारणी यांविषयी अधिनियम संमत झाला. पण तो कधीच अंमलात आला नाही, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी, १९७६ मध्ये, गोवा, दमण व दीव यांसाठी जुगारविषयक कायदा झाला. मात्र १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना व १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील मेजांच्या खेळांना वाट मोकळी झाली. परिणामी पणजीजवळ मांडवी नदीतील जहाजांवर पोकरच्या स्पर्धा परवान्याने भरू लागल्या. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात मात्र पैसे लावून खेळणारे तेच खेळाडू १८८७ च्या कायद्याच्या कक्षेत येतात. एकच पाने, एकच नियम, एकच हिशेब. परंतु राज्याची सीमा ओलांडली, की खेळाडूचा आरोपी होतो. महाजालावरील खेळाने ही सीमा काही वर्षे पुसून टाकली होती. भिवंडीतील कामगारालाही दूरध्वनीवर, फारशी नजरेत न भरता, लहान स्पर्धेत उतरता येऊ लागले.

या काळात भारतीय खेळाडूंनी जागतिक यशही मिळविले. आदित्य सुशांत याने निपुण जावा याच्यासह २०१७ मध्ये आणि निकिता लूथर हिने २०१८ मध्ये वर्ल्ड सिरीजमधील सांघिक स्पर्धा जिंकल्या. तथापि पैसे लावून खेळण्याच्या संगणकीय खेळांपायी कर्जबाजारीपणा व आत्महत्या यांच्या घटना वाढल्याची टीका होत राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा अधिनियम संमत करून पैसे लावून खेळावयाच्या सर्व ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घातली. न्यायालयांनी अर्धशतकाहून अधिक काळ जोपासलेला कौशल्य-दैव हा भेद या क्षेत्रापुरता निरर्थक झाला.

मूल्यमापन : अंतिम टप्प्याच्या अभ्यासाने पोकरच्या जाणकारीत मोठी भर घातली, यात शंका नाही. पण त्या अभ्यासाचाच एक निष्कर्ष सहसा दुर्लक्षिला जातो. स्पर्धा भरविणाऱ्याचे शुल्क वजा जाता बक्षीसनिधी हा खेळाडूंच्याच पैशांचा असतो. तो वाढत नाही, केवळ हस्तांतरित होतो. प्रवेशमूल्याच्या १०० रुपयांवर १० रुपये शुल्क असेल, तर सर्वसाधारण खेळाडू दर स्पर्धेत सरासरी १० रुपये गमावतो. निव्वळ बरोबरीत राहण्यासाठीही त्यास इतरांहून दहा टक्के सरस ठरावे लागते. सर्वच खेळाडूंनी उत्तम डावपेच शिकून घेतले, तरी कोणाचाही लाभ न होता शुल्क तेवढे जाते. कौटिल्याचा पाच टक्क्यांचा कर ज्याच्या तिजोरीत जमे, तो राजा प्रत्येक डावात जिंकत असे. आजच्या मेजावरही तेच घडते. अपुऱ्या डावाच्या वाटणीतून जन्मलेल्या शास्त्राने खेळाडूस आपल्या चकत्यांचे खरे मोल शिकविले. ते मोल मेजावर बसण्यापूर्वीच, प्रवेशमूल्य भरताना, तोलून पाहणे हा त्या शास्त्राचा पहिला उपयोग होय. अखेरच्या टप्प्यातील उपयोग त्यानंतरचा.